कोणालाबाईंचा बिनआवाजी तास

"तुमचा आवाज मोठा आहे ना?"

हेडसरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. शिक्षण, अनुभव, पत्ता, सगळं त्यानंतर. मी नाटकाचं शिक्षण संपवून चार महिने घरी बसले होते. मोठ्या बहिणीच्या भाषेत, टाळ्यांवर पोट भरतं का ते बघत होते. मी छाती काढून सांगितलं, "सर, शेवटच्या रांगेत डुलकी काढणारा माणूस दचकून उठेल, एवढा आहे."

"मग झालं. तीन आठवडे आम्हाला तुमचा फक्त आवाज हवाय. बाकी सगळं बाईंकडे आहे."

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. किरकोळ अंगाच्या, पिकलेले केस मागे घट्ट बांधलेले, मांडीवर एक फुगलेली कापडी पिशवी. गळ्यात दोऱ्याने अडकवलेली छोटी वही आणि वहीला बांधलेली बोटभर पेन्सिल. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि शिंपी कापडाकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं. हे कितीसं पुरेल, अशा नजरेने.

हेडसर मला समजावून सांगू लागले. बाईंच्या घशातली गाठ काढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवडे तोंडातून एक अक्षर निघता कामा नये, कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. रजा घ्यावी तर ती नवऱ्याच्या आजारपणात संपलेली. आणि बाई शिकवत होत्या भाषा, सहावीला.

"पालक येऊन गेले माझ्याकडे," हेडसर म्हणाले. "ज्यांना बोलता येत नाही त्या बोलायला काय शिकवणार, असं विचारतात. चुकीचं काय आहे त्यात? मी त्यांच्याकडून मुदत मागून घेतलीय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी स्वतः वर्गात बसणार. मुलांना येत असेल तर उत्तम. नसेल तर वर्ग दुसऱ्यांकडे जाईल आणि बाई ग्रंथालय बघतील. दोन वर्षं राहिलीत त्यांची. एकदा वर्ग हातचा गेला की निवृत्तीपर्यंत परत मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांना जरा समजावून सांगा, की मी हे त्यांच्या..."

बाईंनी वही फाडकन उघडली, तीन शब्द लिहिले आणि सरांच्या नाकासमोर धरली.

"कान शाबूत आहेत."

सर खोकले. मला हसू आवरेना. मला वाटलं, या बाईंशी आपलं जमणार. पहिल्या दिवशी तरी नाही जमलं.

शाळेच्या एका अंगाला लाकडाची वखार होती आणि दुसऱ्या अंगाला बसडेपो. सहावीचा वर्ग वखारीच्या बाजूला. करवत सुरू झाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. फळ्याचा एक कोपरा उडालेला, तिथे खडू लागत नसे. चौतीस मुलं. त्यातल्या निम्म्यांच्या घरी वेगळीच भाषा. आईबाप कामासाठी कुठून कुठून आलेले. ही मुलं शाळेत येऊन "माझ्याला दे", "तोला पाहिजे", "मीला माहीत नाही" असं बोलायची. उरलेल्या निम्म्यांना बोलता यायचं, पण लिहायला बसली की "त्याने त्याला मारलं म्हणून त्याने त्याला सांगितलं" असा गुंता. मारलं कोणी, मार खाल्ला कोणी, सांगितलं कोणाला, देव जाणे.

म्हणून बाई वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. मूल काहीही सांगायला लागलं की ओंजळ पुढे करायच्या आणि विचारायच्या, "कोणाला?" त्यावरून त्यांचं नाव पडलं होतं कोणालाबाई. इथल्याच काही मुलांचे आईबापही त्यांच्याकडे शिकलेले होते आणि तेही त्यांना कोणालाबाईच म्हणायचे. आता तो प्रश्नही बंद झाला होता. उरली होती फक्त ओंजळ.

त्या दिवशी धडा होता मला, तुला, त्याला, तिला, आम्हाला, तुम्हाला, त्यांना. मी विचार केला, आपल्याला आवाजासाठी घेतलंय, तर आवाज दाखवू. फळ्यावर तक्ता काढला आणि पोटातून सूर लावला. "द्वितीया! एकवचन, स, ला, ते! अनेकवचन..."

"स, ला, ना, ते!" वर्गाने छप्पर उडवलं. पुढच्या बाकावरचा एक गोलमटोल मुलगा, त्याला सगळे गोटी म्हणत, तो तर डोळे मिटून डुलत होता. मला वाटलं, जिंकले. पडदा पडायचाच बाकी आहे.

बाई उठल्या. पिशवीतून एक कंगवा काढला, गोटीच्या हातात दिला आणि शेजारच्या मुलीकडे हनुवटीने खूण केली. दे, आणि बोल.

गोटीने कंगव्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "मी... कंगवा... तिच्याला... नाही, तूला... बाई, स ला ते म्हणू का परत?"

वर्ग फुटला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डस्टर घेतलं, माझा तक्ता पुसला आणि वहीत लिहून माझ्यापुढे धरलं. "आवाज छान आहे. उद्या कमी आणा."

दुसऱ्या दिवशी मी कमी आणला आणि भिंतीला टेकून बघत राहिले. मी जे बघितलं ते मला नाटकाच्या शिक्षणाच्या चार वर्षांत कुणी शिकवू शकलं नव्हतं.

बाईंच्या पिशवीत सगळा भंगारमाल होता. कंगवा, बरणीचं झाकण, कुठल्याशा कपाटाची मूठ, लोकरीचा गुंडा, मोजपट्टी, एकच मोजा. त्यांनी दोन मुलांना समोरासमोर उभं केलं. एकाच्या हातात मोजपट्टी. दुसऱ्याने तिचं दुसरं टोक धरायचं. नियम एकच. देणाऱ्याने वाक्य बोलायचं, आणि ती वस्तू कोणाची होणार ते त्या वाक्यात येईपर्यंत हात सोडायचा नाही. घेणाऱ्यानेही ओढायची नाही. दोघांनी धरून ठेवायची. "मी तुला" म्हणताना देणाऱ्याची बोटं सैल व्हायला लागतात. "देतो" म्हणेपर्यंत वस्तू पलीकडे गेलेली असते.

आणि वाक्य चुकलं तर? तर काही नाही. कुणी ओरडत नाही, चूक म्हणत नाही. फक्त हात सुटत नाही. दोन पोरं मोजपट्टी धरून एकमेकांकडे बघत उभी राहतात. बाई थांबतात, वर्ग थांबतो. मग त्यांच्यापैकी एकाला कुठूनतरी, आतून, ते सापडतं.

आम्हाला नाटकात सांगायचे, वाक्य हवेत फेकू नका, समोरच्याला द्या. मी हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा मान डोलावली होती. देणं म्हणजे काय ते मला एका मोजपट्टीवर कळलं. वाक्य दिलं की समोरच्याच्या बोटांना ते जाणवतं. थट्टा नाही करत, खरंच जाणवतं. मी मधल्या सुट्टीत गोटीबरोबर करून पाहिलं.

"ताई, तुम्ही लवकर सोडता," गोटी म्हणाला. "तुम्हाला घाई आहे का कुठे जायची?"

घाई होतीच, आणि ती माझ्या अंगात मुरलेली होती. नाटकात मी अभिनयापेक्षा जास्त वेळ विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं. नट अडखळला की त्याच्या पुढचा शब्द माझ्या तोंडातून आपोआप निघतो. शिंक यावी तसा. तिसऱ्या दिवशी तेच झालं.

वर्गात एक उंच, सडपातळ मुलगी होती, शेवटच्या बाकावर भिंतीकडे बसायची. मुलं तिला शिडी म्हणत. सहावीत दुसऱ्यांदा बसलेली. तिचे वडील शेजारच्या वखारीत ओंडके चढवायचे आणि घरी त्यांची स्वतःची भाषा बोलली जायची. शिडी वर्गात पूर्ण वाक्य कधी बोलत नसे. तिच्या वाक्याला डोकं असायचं, धड नसायचं. त्या दिवशी ती पहिल्यांदा आपणहून उठली, लोकरीचा गुंडा घेतला, गोटीसमोर उभी राहिली. "मी..." म्हणाली. थांबली. ओठ हलत होते, भुवया जवळ आल्या होत्या. शब्द येत होता, दिसत होता येताना, आणि...

"तुला," मी म्हणून गेले.

शिडीने माझ्याकडे बघितलं. गुंडा गोटीच्या हातात सोडून दिला आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपल्यावर बाईंनी लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं इतकं दाबून लिहिलं. "तुम्ही तिचा शब्द खाल्लात."

"बाई, मी मदत करत होते. ती अडकली होती."

"अडकली नव्हती. शोधत होती. कधीपासून शोधते आहे."

त्यानंतर शिडी उठली नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. बाई रोज तिच्या बाकाजवळ जाऊन ओंजळ पुढे करायच्या. ती खाली मान घालायची. माझी मान तिच्याहून खाली.

शनिवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेले. माफी मागायचीच होती. दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेलं पायपुसणं, भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर तीन आठवड्यांतल्या सरलेल्या दिवसांवर मारलेल्या फुल्या. दार काकांनी उघडलं. म्हणजे बाईंचे यजमान, डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. माणूस इतका बोलका की मला बसायला सांगेपर्यंत त्यांचं हृदयाचं दुखणं सांगून झालं होतं.

"बसा, बसा. तुम्हीच ना त्या आवाजवाल्या? काय सांगू ताई, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य घरात पूर्ण होतंय!"

स्वयंपाकघराच्या दारातून वही बाहेर आली. "होऊ दे. शेवट सापडला तर मलाही कळवा."

"बघा! तोंड बंद आहे, पण जीभ चालूच." काका खूश होऊन हसले. मग मी शिडीची गोष्ट सांगितली आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. आत भांडी घासण्याचा आवाज चालू होता.

"तुम्हाला एक सांगतो," काका म्हणाले. "हिचं नोकरीचं पहिलं वर्ष. वर्गात एकसष्ट पोरं. भिंतीवर हाऽ एवढा तक्ता, आणि ही छडी घेऊन घोकून घ्यायची. एक मुलगी होती, नवीन आलेली. ती तक्ता उलटा म्हणायची, सुलटा म्हणायची, मधून सुरू करायची. हिची फार लाडकी. एक दिवस ती उभी राहिली नि म्हणाली, बाई, मी थंडी. पोरं हसली. ती परत म्हणाली, बाई, मी थंडी, मी थंडी. पोरं बाक बडवून हसली." काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "हीसुद्धा हसली."

भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तास संपला तेव्हा ती मुलगी बाकावर डोकं ठेवून पडलेली. अंगात ताप, हात लावला तर चटका. उचलून दवाखान्यात नेली. वाचली, तसं काही झालं नाही, आठ दिवसांनी आली परत. पण त्या दिवशी हिने तक्ता उतरवला. घरी आली नि म्हणाली..."

बाई दारात उभ्या होत्या. हात पदराला पुसत त्यांनी काकांना थांबवलं आणि स्वतःच लिहिलं, उभ्या उभ्या, बराच वेळ. मग वही माझ्या मांडीवर ठेवली.

"तिला सगळं येत होतं. 'मला थंडी वाजते' एवढंच येत नव्हतं. आपल्या भाषेत भूक मला लागते, भीती मला वाटते, दुखतं ते मला. 'मला' नसेल तर मूल आपलं दुखणं कोणाला सांगूच शकत नाही. मी तिला तक्ता दिला होता. 'मला' दिलंच नव्हतं."

मी ते दोनदा वाचलं. समोर चहा निवत होता. मला तोपर्यंत वाटत होतं की या बाई हुशार आहेत, युक्तीबाज आहेत, वर्ग कसा धरायचा ते त्यांना कळतं. आता कळलं, की त्या तेहतीस वर्षं दर तासाला त्या एका मुलीला उठवून परत विचारत आल्या आहेत आणि या वेळी थांबून ऐकत आहेत. मी वही मिटून त्यांना परत दिली आणि घोकून आणलेली माफी तशीच राहू दिली. नाहीतरी त्या घरात शब्दांचं काम काकांकडे होतं.

सोमवारी त्यांनी वस्तूंऐवजी चिठ्ठ्या काढल्या. भूक, झोप, राग, भीती, कंटाळा.

गोटीने भीतीची चिठ्ठी उचलली आणि ऐटीत म्हणाला, "मी तुला भीती देतो."

"भीती देतात होय रे?" मागून कुणीतरी म्हणालं. "ती काय खाऊ आहे?"

"मग काय करतात?"

"वाटते! मला भीती वाटते. आपली आपण वाटते."

"तुला वाटते? कशाची?"

"सांगणार नाही तुला."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. खांदे हलत होते. त्या हसत होत्या, पण आवाज न करता, घसा सांभाळून. मी पहिल्यांदाच माणसाला इतकं जपून हसताना पाहिलं. शिडी मात्र चिठ्ठी घ्यायलाही उठली नाही.

गुरुवार उजाडला. तिसरा तास. हेडसर फाइल घेऊन आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले, पेनाचं टोपण काढलं. वखारीची करवत नेमकी सुरू झाली. मुलं पाठीचे कणे ताठ करून बसली होती. 

सुरुवात झकास झाली. मोजपट्टी फिरली, कंगवा फिरला. गोटीने तर "सर आम्हाला बघतात, म्हणून मी तुला हसून देतो" असं पदरचं वाक्य टाकलं. सरांच्या मिशा हलल्या. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. आता बाईंनी अशीच चार चुणचुणीत पोरं उठवावीत, तास संपवावा आणि वर्ग वाचवावा.

बाईंनी पिशवीतून बरणीचं झाकण काढलं, सबंध वर्ग ओलांडून शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि ते शिडीपुढे धरलं.

 हिला? आज? चौतीसातून हिलाच? मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, शिडी उठली. झाकण घेतलं. बाईंनी हनुवटीने दाखवलं, तिकडे. हेडसरांकडे.

ती पुढे आली. सरांसमोर उभी राहिली आणि झाकण पुढे केलं. सरांनी हसून हात पुढे केला. "आण, आण."

झाकण सुटलं नाही.

सरांनी जरा ओढलं. शिडीने धरून ठेवलं. सरांनी पुन्हा ओढलं. "अगं, सोड की!"

नाही सोडलं. शाळेचे हेडसर आणि सहावीत दुसऱ्यांदा बसलेली मुलगी, दोघं एका बरणीच्या झाकणाला लोंबकळत होते. एरवी या दृश्याला वर्ग गडाबडा लोळला असता. कुणी हूं का चूं केलं नाही. तेहतीस मुलं नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात घाई नव्हती. सगळी थांबली होती, शिडीसाठी. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

रंगमंचावरची शांतता मला मोजता येते. तीन सेकंद म्हणजे विराम. पाच म्हणजे नट वाक्य विसरला. आठ झाले की विंगेतले लोक पडद्याच्या दोरीकडे बघू लागतात. मी दहापर्यंत मोजलं. पंधरा. वीस. शिडीच्या कपाळावर घाम आला. तिचे ओठ उघडले आणि मिटले.

बाईंचा हात गळ्याकडे गेला. मी पाहिलं, त्यांचे ओठ विलग झाले होते. एक शब्द. फक्त तीन अक्षरांचा. तो बोलल्या असत्या तर वर्ग वाचला असता, आणि घसा गेला असता. आणि शिडीचा शब्द पुन्हा एकदा तिच्या तोंडातून कोणीतरी काढून घेतला असता.

त्यांनी ओठ मिटले. खुर्ची ओढली. आणि बसल्या. निवांत, हात मांडीवर ठेवून, जणू गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे.

"अहो ताई," सर माझ्याकडे वळले, अजून झाकण धरूनच. "सांगा ना तिला काय म्हणायचं ते! तुम्हाला त्यासाठीच ठेवलंय ना?"

शब्द माझ्या जिभेवर होता. अगदी टोकावर. मी तो गिळला.

"नाही सर," मी म्हटलं. "थांबू या."

 आणि तेवढ्यात, अगदी बारीक, खालच्या सुरात, "सर."

सर तिच्याकडे वळले.

"सर, मी..." श्वास. करवत थांबली होती की मला ऐकू येत नव्हती, सांगता येत नाही. "माझ्याला... नाही. मी तुम्हाला..." तिची बोटं एकेक करून सैल झाली. मला प्रत्येक बोट दिसलं. "मी तुम्हाला हे झाकण देते. तुम्ही ओढलंत तेव्हा मला भीती वाटली. पण मी सोडलं नाही."

झाकण सरांच्या हातात होतं. शिडीचा हात तसाच पुढे राहिला होता, रिकामा.

सरांनी झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "आता मी काय करू?"

"आता तुम्ही द्यायचं," शिडी म्हणाली. "कोणालातरी. सावकाश द्या."

सर उभे राहिले. चौतीस चेहऱ्यांकडे पाहिलं. आणि, खोटं नाही सांगत, सर अडकले. बावीस वर्षं शाळा चालवणारा माणूस, सभेत तासभर बोलणारा, "मी... हे..." म्हणून थांबला. गोटीने तोंड उघडलं, तर शेजारणीने त्याला असा चिमटा काढला की त्याचे डोळे पाणावले. वर्ग थांबला. सरांसाठीसुद्धा तसाच थांबला, कणभर कमी नाही.

"मी हे तुला देतो," सर शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, आणि बोटं सोडायला विसरले. मग आठवण झाली तशी सोडली.

त्यानंतर झाकण चाललं. मी त्याला चाललंच म्हणेन, कारण कोणी चालवत नव्हतं. या बाकावरून त्या बाकावर, मुलीकडून मुलाकडे, पुढून मागे. वाक्यं लांबत गेली.

"सरांनी मला दिलं होतं, मी ते तुला देते, पण तू त्याला देऊ नकोस, तो हरवून टाकेल."

"मी? तुला कोणी सांगितलं?"

"तूच मला सांगितलंस! तुझ्या ताईने तुला छत्री दिली होती नि तू ती हरवलीस, आणि मग तिने तुला मारलं."

"तिने मला नाही मारलं, मी तिला मारलं!"

"खोटं! आम्हाला सगळ्यांना माहीत आहे!"

कडाक्याचं भांडण लागलं होतं. सरांनी फाइल मिटली होती. त्या सगळ्या मला-तुला-तिला-आम्हालाच्या कल्लोळात कोण कोणाला काय म्हणतंय ते स्वच्छ, आरशासारखं कळत होतं. एकदाही "कोणाला?" असं विचारावं लागलं नाही. मी नाटकं पाहिली आहेत, पाचशे माणसं एका श्वासात रडताना पाहिली आहेत. पण ज्या घरी ही भाषाच नाही तिथून आलेली मुलं त्याच भाषेत हक्काने भांडताना मी आधी पाहिली नव्हती.  बाई मात्र खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. फक्त उजव्या हाताचं एक बोट मांडीवर हलत होतं. प्रत्येक बरोबर वाक्याला एकदा.

सर त्यांच्याजवळ गेले. 

"बाई," ते म्हणाले, "पालकांना काय सांगायचं ते मी बघतो. हा वर्ग दुसऱ्या कोणाला द्यायची माझी हिंमत नाही. तुमचाच राहील. निवृत्तीपर्यंत." मग माझ्याकडे वळून जरा ओशाळले. "ताई, तुम्ही मात्र... म्हणजे राग मानू नका. पण इथे आवाजाची गरज दिसत नाही हो."

"मलाही तेच वाटतं सर," मी म्हणाले. "नोकरी नको. पण उरलेले दिवस मागच्या बाकावर बसू का? नुसती?"

सर उत्तर देणार तोच बाईंनी वही उचलली. सरांना वाटलं असावं, आभार. त्यांनी अदबीने मान झुकवून वाचलं.

"तास संपायला सात मिनिटं आहेत. हिला मागे बसू द्या. तुम्ही जाताना दार ओढून घ्या."

सरांनी वाचलं, परत वाचलं, फाइल काखेत मारली. मी शेवटच्या बाकावर शिडीच्या शेजारी जाऊन बसले. तिने दप्तर सरकवून मला जागा केली. बाई उठून फळ्याकडे निघाल्या होत्या. सरांनी दार इतकं हळू ओढलं की कडीचाही आवाज झाला नाही.